मिरचीचे राहिलेले आभार

माझ्या बायकोच्या मामांनी ज्याचे आभार मानले नाहीत असा माणूस जळगाव जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, आणि धुळे जिल्ह्यातही आता फार थोडे उरले असतील. इतरांच्या कार्यक्रमात आभार शेवटी असतात. मामा हजर असले की मात्र स्वागत, दीपप्रज्वलन, व्याख्यान, अध्यक्षीय समारोप हे सगळं आभारांची प्रस्तावना होऊन बसायचं. एकदा एका नामवंत वक्त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ते गृहस्थ मघाशी बोलले ते मुख्य पाहुणे होते का?" वक्ते पस्तीस मिनिटं बोलले होते आणि मामा चाळीस.

हा सगळा प्रकार माझ्यामुळे सुरू झाला हे कबूल करायला हवं. मी विद्यापीठातल्या लोकसंस्कृती अभ्यास केंद्रात काम करतो. केंद्र म्हणजे आवाराच्या अगदी मागच्या टोकाला दोन खोल्या, एक छोटं सभागृह, ध्वनिमुद्रणाची यंत्रं आणि कुलूप न लागणारी तीन कपाटं. महिन्याला एक कार्यक्रम असतो. कधी वहीगायन, कधी कानबाईची गाणी, कधी जुन्या भांड्यांचं प्रदर्शन, कधी नुसतं व्याख्यान. श्रोते मिळवणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम आहे, म्हणून मी नातेवाइकांनाही बोलावत असे. मामा भुसावळला राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले, गाडीने अर्ध्या तासात येतात. पहिल्याच कार्यक्रमाला आभार मानणारे प्राध्यापक ऐनवेळी आले नाहीत. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "कोणीतरी दोन शब्द बोला हो." मामा उठले. त्यानंतर आमच्या केंद्रात आभारांसाठी दुसरं कोणी उठलेलं नाही.

त्यांची पद्धत ठरलेली. कार्यक्रमाच्या दोन तास आधी येणार. सदऱ्याच्या खिशात जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे कापलेले तुकडे, त्यांना पिन मारलेली, आणि एक आखूड पेन्सिल. मग दिसेल त्याला गाठायचं आणि विचारायचं, "नाव काय आपलं? पूर्ण सांगा. वडिलांचं पण." खुर्च्या लावणारे, चहा आणणारे, फाटकावरचा पहारेकरी, सगळे यादीत. एकदा इलेक्ट्रिशियन शिडीवर चढून दोन्ही हातांत वायर धरून उभा होता आणि मामा खालून विचारत होते, "आणि गाव कोणतं म्हणालात?" कुलगुरू आले तेव्हा त्यांनाही वडिलांचं नाव सांगावं लागलं. कुलगुरूंनी ते सांगितलं, आणि का कोण जाणे, क्षणभर त्यांचा चेहरा मऊ झाला. बहुधा बऱ्याच वर्षांत त्यांना कोणी ते विचारलं नसावं.

आभार सुरू झाले की मागच्या रांगेतली मंडळी हळूच उठू लागतात, हा जगाचा नियम. मामांनी त्याच्यावरही उपाय काढला होता. पळून जाणाऱ्याचं नाव ते चालता चालताच घ्यायचे. "आणि आत्ता जे दाराशी पोहोचले आहेत ते श्री. भास्कर उखर्डू चौधरी, मुक्काम साकेगाव, यांनी आपला बहुमोल वेळ दिला…" चौधरी एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून थिजायचे, वळून नमस्कार करायचे आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसायचे. आमच्या केंद्राची श्रोतृसंख्या त्या काळात टिकून राहिली तिचं श्रेय विभागप्रमुख विषयनिवडीला देतात. मला खरं कारण माहीत आहे.

या नावाच्या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. मामा रेल्वेत लागले ते कॉलमन म्हणून. ड्रायव्हर, गार्ड यांची ड्युटी लागली की वही घेऊन सायकलवरून त्यांच्या क्वार्टरपाशी जायचं, बाहेरून नावाने हाक मारायची आणि वहीवर सही घ्यायची. एकेका ओळीत तीन तीन पाटील आणि दोन दोन शर्मा. नुसतं "पाटील!" म्हणून ओरडलं तर तिन्ही दारं उघडायची आणि तिन्ही घरांतून शिव्या यायच्या. एकदा चुकीच्या पाटलांची सही आणली आणि मालगाडी यार्डात तशीच उभी राहिली. तेव्हापासून मामांनी पूर्ण नावाशिवाय माणूस ओळखायचा नाही असं ठरवून टाकलं. पुढे ते त्याच ऑफिसात क्लार्क झाले, पण सवय कॉलमनचीच राहिली. "अर्धं नाव म्हणजे अर्धा माणूस," असं ते म्हणत, आणि म्हणताना पेन्सिल पुढे करत.

आता हाच माणूस घरात काय करत होता ते सांगतो. घरी मामी. मामा दिवसभरात किमान शंभर नावं घेत असतील, त्यांत मामींचं नाव नसे. जुन्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत, त्यात नवल काही नाही. मामा मामींना "ऐकलं का?" म्हणत आणि लोकांत "आमच्या घरातून" म्हणत. पण नाव न घेणं एवढ्यावर थांबलेलं नव्हतं. मामींना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मामा द्यायचे. "मामी, तब्येत कशी आहे?" असं मी मामींकडे बघत विचारलं की बाजूच्या खुर्चीतून उत्तर यायचं, "गुडघा दुखतो, बाकी बरं आहे." मामींना ठसका लागला तर पाठ थोपटून घ्यायलाही मामाच पुढे होतील, अशी मला भीती वाटे. मामी नुसत्या हसायच्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी फक्त स्वयंपाकघरातून भांड्यांच्या आवाजाबरोबर ऐकला होता, तोही गुणगुणण्याचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मारिसोल आली.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात आमच्यासारखंच एक केंद्र आहे. मेक्सिकोतून, दक्षिणेकडच्या इतर देशांतून पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेत येऊन राहिलेल्या लोकांच्या कला, बोली, स्वयंपाक, इतिहास यांचा तिथे अभ्यास होतो. चित्रांची प्रदर्शनं भरतात, आज्या येऊन गाणी म्हणतात, मुलं त्यावर प्रबंध लिहितात. त्यांचं आणि आमचं पडद्यावरून बोलणं वर्षभर चाललं होतं. त्यांची सकाळ ती आमची संध्याकाळ. त्यातूनच मारिसोल चार महिन्यांसाठी जळगावला आली. बायका स्वयंपाक करताना जी गाणी म्हणतात, तो तिचा विषय. तिशीतली, बुटकी, सावळी, केसांची जाड वेणी. सलवार-कमीज घातला की आमच्या चोपड्याकडची वाटे आणि रिक्षावाले तिच्याशी सरळ मराठीत भांडत. ती थोडं हिंदी बोले, बाकी दुभाष्याचं काम माझ्याकडे.

पहिल्याच दिवशी मामांनी तिला गाठलं. "नाव काय आपलं? पूर्ण सांगा."

"मारिसोल ओचोआ तेहेदा."

"ओचोआ वडिलांचं नाव का?"

"वडिलांचं आडनाव. तेहेदा आईचं."

मामांची पेन्सिल थांबली. "आईचं पण लावता?"

मी दुभाष्या म्हणून प्रश्न पुढे सरकवला. मारिसोल हसली आणि म्हणाली, "हो. तीही होती ना तिथे." मग तिने सांगितलं की अमेरिकेत तिच्या शाळेतल्या बाई दुसरं आडनाव गाळून टाकायच्या, यादीत बसत नाही म्हणून. म्हणून आता ती कुठेही सही करताना दोन्ही लिहिते. मामांनी ते सगळं कॅलेंडरच्या तुकड्यावर देवनागरीत उतरवून घेतलं, तिला वाचून दाखवलं, "तेहेदा"चा उच्चार तीनदा बरोबर करून घेतला. यादीतून कोणाचंही नाव गळणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच होता.

तिच्या व्याख्यानाच्या दिवशी मात्र मामांचा पायाच हलला. ती सांगत होती की मिरची मूळची त्यांच्या भूमीतली, मेक्सिकोच्या बाजूची. चारपाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली. मामा पहिल्या रांगेतून उभे राहिले.

"कोणती मिरची? ढोबळी?"

"सगळ्याच," मी तिचं उत्तर सांगितलं.

"लवंगी पण?"

"लवंगी पण."

शेवभाजीच्या रश्शावर ज्यांचा पिंड पोसला आहे अशा चाळीस माणसांना ही बातमी पचवायला वेळ लागणारच. मामांनी सावरून विचारलं, "मका?" तोही तिकडचाच. "टमाटे?" तिकडचे. "शेंगदाणे?" तेही तिकडचेच, जरा खालच्या खंडातले. पपई, पेरू, सीताफळ. एकेक नाव ऐकून मामा खाली खाली बसत चालले. शेवटी क्षीण आवाजात त्यांनी विचारलं, "वांगं?" मारिसोलने मान हलवली. वांगं तुमचंच. "भरीत तरी वाचलं," असं म्हणून मामा खुर्चीत टेकले, आणि लगेच पुन्हा उठले, कारण भरतात मिरच्या असतात हे त्यांच्या लक्षात आलं.

त्या दिवशी मामांनी आभार फक्त सात मिनिटांत आटोपले. आमच्या केंद्राच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा ते माझ्यावरच चिडले. "जावईबापू, चारशे वर्षं आपण मिरची खातोय. चारशे वर्षं! आणि एकानेही आभार मानले नाहीत?" मी म्हटलं, मामा, तिकडच्या बिचाऱ्यांची जमीन गेली, गावं गेली, त्यांच्याकडून लोकांनी काय काय घेतलं त्यात मिरची कुठे मोजायची. मामा गाडीत चढले. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाले, "म्हणजे नुसतं राहून गेलं असंही नाही. आणखीच वाईट."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी योजना मांडली. मारिसोल परत जाण्याआधी केंद्रात एक मोठा कार्यक्रम करायचा. तिकडचं केंद्र पडद्यावरून हजर राहील, इकडे मिरच्यांचं, मक्याचं प्रदर्शन, बायकांची गाणी, आणि शेवटी खान्देशातर्फे जाहीर आभार. मारिसोलला आणखी काही हवं होतं. मांडे करतानाची गाणी तिला ध्वनिमुद्रित करायची होती. मामा म्हणाले, "आमच्या घरातून येतात तिला मांडे." अशा रीतीने मी आणि मारिसोल यंत्र घेऊन भुसावळला पोहोचलो.

मामींनी पातेलंभर पुरण शिजवून ठेवलं होतं आणि चुलीवर खापर चढवलं होतं. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, ते पालथं घालून तापवायचं आणि हातावर फिरवून फिरवून पातळ केलेला मांडा त्याच्यावर टाकायचा. मारिसोल दारातच थांबली. तिच्या आजीकडे मेक्सिकोत असाच मातीचा भाजायचा तवा होता, त्याला ती कोमाल म्हणायची. आजी गेली, त्यानंतर तो फुटला, आणि घरात कोणालाही दुसरा आणावासा वाटला नाही. हे सांगताना तिचे डोळे भरले. मी ते मराठीत सांगायच्या आधीच मामींनी तिला हाताला धरून चुलीपाशी बसवलं आणि तिच्या तळहातावर पिठाचा गोळा ठेवला. मांडा फाटला. मामी खळखळून हसल्या. मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना पहिल्यांदाच ऐकलं.

मग मामी गायल्या. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण त्या आवाजात जात्याची घरघर असावी तसं काहीतरी होतं, खाली जाऊन बसणारं. आईने लेकीवर रचलेलं गाणं होतं. लेक पहाटे उठते, पाणी भरते, चूल पेटवते, असं एकेक कडवं पुढे जात होतं. आणि मग मामी मध्येच थांबल्या.

"संपलं," मामा म्हणाले.

"नही," मामी त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "एक कडवं बाकी शे."

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. पन्नास वर्षं हे गाणं ते भिंतीपलीकडून ऐकत होते आणि ते इथेच संपायचं.

मारिसोलने दरम्यान नोंदीचा कागद काढला. आमच्याकडे प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक नोंद असते: गाणं, गाव, कोणाकडून शिकलं, गायिकेचं नाव. मामांनी कागद सवयीने आपल्याकडे ओढला आणि लिहायला लागले.

"काय लिखी ऱ्हायनात तुम्ही?" मामींनी चुलीपासून विचारलं.

"तुमचं नाव. सौ. प्रमिला," आणि पुढे त्यांचं स्वतःचं नाव आणि आडनाव.

"सुपडाबाई लिखा."

मामांनी दचकून आधी माझ्याकडे, मग मारिसोलकडे बघितलं. "ते नको वं. विद्यापीठाचा कागद शे. अमेरिकाले जाई तो."

मामींनी खापरावरचा मांडा उचलला, घडी घातली, ताटात ठेवला. मग शांतपणे म्हणाल्या, "गाणा सुपडीना शेतस. प्रमिलाले कोठे गाणा येतस?"

एवढं बोलून त्या पुढचा मांडा करायला लागल्या. मारिसोलने यंत्र पुढे सरकवलं, मी विनंती केली, पण शेवटचं कडवं काही त्या गायल्या नाहीत. त्या कडव्यात आई लेकीचं नाव घालते, म्हणाल्या, आणि कागदावर दुसरंच नाव असेल तर ते कसं म्हणायचं? मारिसोलचे जायचे दिवस जवळ आले होते आणि मामींचा दम आधीच कमी पडायला लागला होता. हे गाणं पूर्ण झालं नाही तर पुन्हा होणार नाही, हे आम्हा तिघांना कळत होतं. चौथ्याला कळत होतं की नाही ते मला समजेना. मामा त्या दिवशी मांडे खाणाऱ्या पाहुण्यांकडून कौतुक वसूल करायचंही विसरले.

दोन दिवसांनी ते केंद्रात आले. कार्यक्रम नव्हता, यादी नव्हती. माझ्यासमोर बसले आणि मी न विचारताच सांगायला लागले. मामींच्या आधीची दोन भावंडं लहानपणीच गेली होती, म्हणून ही जन्मली तेव्हा आईने तिला सुपात घातलं, टाकून दिल्यासारखं केलं, म्हणजे हिच्याकडे कोणाची नजर जाऊ नये. म्हणून सुपडी. आपल्याकडे घरोघरी असतात सुपडू आणि सुपडाबाया. पण मामा तेव्हा नुकते रेल्वेत लागलेले, क्वार्टर मिळालेलं, शेजारी मद्रासपासून पंजाबपर्यंतची माणसं. सुपडी नाव त्यांना खेडवळ वाटलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. मामांनी लिहिलं, प्रमिला.

"आणि नंतर ते नाव तरी मी कुठं घेतलं?" मामा म्हणाले. "सुपडी पुसली, प्रमिला म्हटलं नाही. मधल्यामध्ये ती बिननावाचीच राहिली, जावईबापू. आणि मी शिडीवरच्या माणसाला गाव विचारत फिरलो."

मी चहा मागवला. चहा घेऊन आलेल्या माणसाला मामांनी नाव विचारलं नाही, तेव्हा मला खरंच काळजी वाटली.

कार्यक्रमाच्या दिवशी मामा आणि मामी सकाळच्या गाडीने आले. मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं खापर होतं आणि डब्यातल्या सगळ्या प्रवाशांना, त्याला धक्का लागू न दिल्याबद्दल, मामांचे धन्यवाद देऊन झाले होते, त्यामुळे माझा जीव जरा भांड्यात पडला. सभागृह भरलं होतं. कुलगुरूही आले. टेबलांवर मिरच्यांचे ढीग, मक्याची कणसं, शेंगा, सीताफळं. पडद्यावर तिकडच्या केंद्रातली वीसपंचवीस माणसं कॉफीचे कप घेऊन बसलेली, त्यांच्यात दोनतीन आज्याही होत्या. मारिसोल बोलली. बायका गायल्या. मामी गायल्या आणि पुन्हा त्याच ठिकाणी थांबल्या. टाळ्या पडल्या, लोकांना वाटलं गाणं तिथेच संपतं.

मग मामा उठले. त्यांनी मिरचीचे आभार मानले. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, पण असं नाही. "आमच्या जिभेला जे काही कळतं," ते म्हणाले, "त्यातलं निम्मं तुम्ही दिलेलं आहे, आणि आम्ही ते आमचंच समजून बसलो. तुमच्याकडून ते ज्यांनी आणलं त्यांनी तुम्हाला विचारलं नव्हतं, आणि आम्ही खाताना विचारलं नाही. हे उशिराचे आभार पदरात घ्या." मी भाषांतर करत होतो. पडद्यावरच्या एका आजींनी कप खाली ठेवला आणि छातीवर हात ठेवला. मग मामांनी मक्याचे, शेंगदाण्याचे आणि सीताफळाचे आभार मानले. खुर्च्या लावणाऱ्यांचे वडिलांच्या नावासह मानले. यादीतले सगळे कागद एकेक करून टेबलावर पडले, शेवटचा हातात राहिला.

"आणि गायिका," मामा म्हणाले. "सुपडाबाई. वडिलांचं नाव दगा. गाव नरडाण्याजवळचं, तालुका शिंदखेडा." मग ते थांबले. कागदावर पुढे काहीतरी लिहायची जागा त्यांनी ठेवली होती, आणि ती कोरी होती. मारिसोलच्या नावातलं दुसरं आडनाव त्यांच्या मनात असणार, कारण त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. भर सभेत, माईकवर, कुलगुरूंसमोर आणि अमेरिकेसमोर ते वळले आणि तिसऱ्या रांगेकडे बघून म्हणाले, "तुन्ही मायनं नाव काय शे व?"

पन्नास वर्षांच्या संसारात सासूचं नाव त्यांना माहीत नव्हतं. ती त्यांच्यासाठी नुसती सासूबाई होती. सभागृहात कोणी हसलं नाही. मामी उठल्या, पदर सावरला, आणि माईक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ठगुबाई."

"ठगुबाई," मामांनी म्हटलं आणि पेन्सिलीने लिहून घेतलं. "हे गाणं त्यांचं आहे."

मामी खाली बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी शेवटचं कडवं म्हटलं. त्यात आई म्हणते की माझ्या सुपडीला मी सुपात टाकून दिलं होतं, ती काही गेली नाही, आता तिच्या हाताने घरात दिवा लागतो. यंत्र चालू होतं. मारिसोलने ते बंद करायचं विसरल्याचं सोंग केलं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. कडवं संपलं तरी मामा माईकपाशी तसेच उभे होते. पुढे काय म्हणायचं असतं ते त्यांना आठवेना. सगळ्यांचे झाले, असं मामींनीच ठरवून टाकलं, "बठ्ठासना आभार मानात. आते घर चाला."

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. मारिसोल परत गेली. गेल्या महिन्यात तिकडच्या केंद्रात एक प्रदर्शन भरलं, त्याचे फोटो तिने पाठवले. भिंतीवर आपल्या मामींचा मोठा फोटो, खापरावर मांडा टाकताना, आणि शेजारी कानाला लावून गाणं ऐकायची सोय. खाली नाव होतं: सुपडाबाई, ठगुबाई आणि दगा यांची मुलगी. मी भुसावळला जाऊन मोबाइलवर दोघांना दाखवलं. मामींचा दम आता अजिबात पुरत नाही, गाणं म्हणणं बंद झालं आहे. त्यांनी फोटो बराच वेळ बघितला.

फोटोत मागे, चुलीच्या धुरात, लाकडं पुढे करताना मामाही होते. खालच्या ओळीत त्यांच्याबद्दल लिहिलं होतं: मागे एक गृहस्थ, नाव उपलब्ध नाही.

आयुष्यभर सगळ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाने कोणत्याही यादीत स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. मारिसोल त्यांना मामा म्हणायची, मीही मामाच म्हणत होतो, आणि नोंदीचा तो कागद सुपडाबाई या नावाने दुसऱ्यांदा भरला तेव्हा त्यात मामांचं नाव कुठेच उरलं नव्हतं. मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मामा, मी आजच तिला कळवतो, ते दुरुस्त करून घेतो."

मामा हसले. "राहू द्या, जावईबापू. तिनं पन्नास वर्षं काढली तशी. मी एका भिंतीवर महिनाभर काढीन."

मी तरी हटून बसलो. असं चालणार नाही म्हटलं, काहीतरी लिहायलाच हवं. तेव्हा पलंगावरून मामी म्हणाल्या, "इतला काय इचार करी ऱ्हायनात? लिखी टाका, सुपडीना नवरा." आणि त्यांना हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, आणि मामा पाठ थोपटायला धावले.

मी तसंच कळवलं. तिकडच्या भिंतीवर आता तसंच लिहिलेलं आहे. म्हणून मीही इथे त्यांचं नाव लिहिलेलं नाही. मामांनी यादी खिशात ठेवणंही आता सोडलं आहे. आमच्या कार्यक्रमांना आजकाल त्यांचे आभार दोन मिनिटांत होतात आणि लोक वेळेवर घरी जातात, सभागृह पटकन रिकामं होतं, आणि मला मात्र दिवे बंद करायला उगाचच वेळ लागतो.